अनित्य दोष : एका ध्वनिवर्धकाचा इतिहास

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात एका यंत्राचे गुणदोषविवेचन यावे, याचे कित्येक वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. कवीचे परीक्षण होते, गवयाचे होते. परंतु कवीच्या टाकाचे अथवा गवयाच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. साधन ते साधन आणि कला ती कला, अशी एक सोयीची वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. तथापि कलेच्या इतिहासात मधूनमधून असे प्रसंग येतात की, त्या वेळी ही वाटणी टिकत नाही. साधनच कलावंताच्या हाताला नवे वळण लावते, श्रोत्यांच्या कानाची आवड पालटते, आणि टीकाकारास आपली जुनी मापे पुन्हा पारखून पाहणे भाग पडते.

विजेच्या गिटारीचा आवाज मोठा करणारे मार्शल नावाचे यंत्र हा असाच एक प्रसंग होय. १९६२ साली लंडनच्या पश्चिम भागातील एका वाद्यांच्या दुकानात त्याचा जन्म झाला. ज्या घरांतील तरुण मंडळी रॉक संगीत ऐकतात, त्या घरांत ती काळी पेटी व तिच्यावरील वळणदार पांढरी अक्षरे चित्रांतून तरी परिचित असतील. आणि त्याच घरांतील वडील मंडळींनी 'हा कसला गोंगाट!' असे म्हणून मधले दार लोटून घेतले असेल. या दोन पक्षांचा तंटा मिटविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या तंट्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो साहित्याच्या अभ्यासकासही जवळचा आहे. कर्कशपणा हा दोष की गुण? आणि तो निवाडा करावयाचा कोणी?

आपल्या साहित्यशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. नवव्या शतकात काश्मीरात होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त श्रुतिदुष्टत्व, म्हणजे कानास टोचणारी शब्दयोजना, हा दोष अनित्य मानला आहे. शृंगाराच्या कोमल प्रसंगी ती वर्ज्य; परंतु जेथे रौद्राचा आवेश आहे तेथे कठोर वर्णांनीच रस पुष्ट होतो. म्हणजे दोष शब्दाच्या अंगी कायमचा चिकटलेला नसून रसाच्या अपेक्षेने तो ठरतो. अकराशे वर्षांपूर्वी काव्यासंबंधी मांडलेला हा विचार मार्शलच्या इतिहासात पावलोपावली आठवतो, म्हणूनच हा लेख लिहिण्याचे आम्ही मनात आणले.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. गिटार हे मूळचे दुबळ्या आवाजाचे वाद्य. तार छेडली की स्वर उमटतो, आणि उमटताक्षणीच विरू लागतो. तुताऱ्या, सॅक्सोफोन व ड्रम यांनी गजबजलेल्या अमेरिकन नृत्यताफ्यांत हा स्वर कोणाच्याही कानी पडेना. तेव्हा १९३० नंतरच्या दशकात एक युक्ती प्रचारात आली. पोलादी तारेखाली चुंबक व तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवावी. तार थरथरली की गुंडाळीत क्षीण अशी वीज उत्पन्न व्हावी. ती वीज काचेच्या व्हॉल्व्हच्या साहाय्याने वाढवून स्पीकरला द्यावी. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण कृष्णवर्णीय वादक बेनी गुडमनच्या ताफ्यात आला, आणि त्याने या नव्या वाद्यावर सॅक्सोफोनच्या तोडीची लांबलचक सुरावट वाजवून दाखविली. मागे बसून ताल धरणारी गिटार त्या दिवसांपासून पुढे येऊन बोलू लागली.

या साऱ्या खटपटीमागे ध्येय एकच होते. आवाज मोठा व्हावा, पण पालटू नये. आरशाने मुख दाखवावे, स्वतःचा रंग त्यात मिसळू नये. या ध्येयाचा सर्वांत निष्ठावंत उपासक म्हणजे कॅलिफोर्नियातील फुलरटन गावचा लिओ फेंडर. शिक्षणाने तो हिशेबनीस. मंदीच्या काळात नोकरी गेल्यावर १९३८ साली त्याने रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले, आणि १९४६ मध्ये स्वतःच्या नावाने वाद्यांचा कारखाना काढला. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. ज्यांना येत असे, त्यांच्या हाती आपले यंत्र द्यावे, त्यांची कुरकुर लक्ष देऊन ऐकावी आणि यंत्र सुधारावे, हा त्याचा परिपाठ होता. त्याच्याकडे येणारे वादक बहुतेक पश्चिम अमेरिकेतील नृत्यगृहांत वाजविणारे. त्यांना हवा होता घंटेसारखा स्वच्छ व ठसठशीत स्वर. फेंडरने तो त्यांना दिला. खर्जाच्या गिटारीसाठी त्याने १९५२ मध्ये 'बेसमन' नावाचा ध्वनिवर्धक काढला. दहा इंची चार स्पीकर असलेली त्याची पुढील आवृत्ती साध्या गिटारवाल्यांनाही इतकी मानवली की, मूळ प्रयोजन मागेच पडले.

परंतु प्रत्येक ध्वनिवर्धकाला एक मर्यादा असते. व्हॉल्व्हला जितकी वीज पेलते तितकी तो इमानाने वाढवितो. त्यापलीकडे मागणी केली की तो थकतो. स्वराची लहर डोंगराच्या रांगेसारखी वरखाली होत असते. थकलेल्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडताना या डोंगरांची शिखरे छाटली जाऊन सपाट होतात. कानाला हा बदल 'आवाज फाटला' असा जाणवतो. शिखरे छाटली म्हणजे मूळ स्वरात नसलेले किंवा अगदी क्षीण असलेले वरचे उपस्वर बळावतात. तसेच, मोठा आघात दाबला जातो व मागून येणारा बारीक स्वर त्या मानाने वर उचलला जातो. त्यामुळे तारेचा स्वर नेहमीसारखा चटकन विरत नाही, तो लांबतो. अभियंत्याच्या वहीत या सर्वांची नोंद विकृती या एकाच शब्दाने होते.

ही विकृती प्रथम कानावर आली ती अपघाताने. १९५१ साली मेंफिस येथे सॅम फिलिप्सच्या ध्वनिमुद्रणगृहात 'रॉकेट ८८' हे गाणे मुद्रित होत असता, गिटारवाल्याचा ध्वनिवर्धक प्रवासात मोडल्याचे आढळले. फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ भागविली, आणि निघालेला भरडा आवाज फिलिप्सला इतका पसंत पडला की त्याने तो तसाच राहू दिला. पुढे १९५८ मध्ये लिंक रे याने स्पीकरला मुद्दाम भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने स्पीकरचा कागद चिरला. कारागिराने जिवापाड मेहनत करून आवाज शुद्ध करावा, आणि वादकाने पाते घेऊन तो फाडावा, असा हा विलक्षण सामना होता. वादकांना काही तरी सांगावयाचे होते आणि शुद्ध आवाजात ते सांगता येत नव्हते, एवढाच याचा अर्थ.

नेमक्या याच संधीस जिम मार्शल रंगभूमीवर येतो. १९२३ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या गृहस्थाचे बालपण हाडांच्या क्षयामुळे बव्हंशी प्लॅस्टरच्या साच्यात जखडून गेले. शाळा जवळजवळ नाहीच. पुढे तो गाऊ लागला, ड्रम वाजवू लागला, कारखान्यात विजेचे काम शिकला, आणि अखेर ड्रम शिकविणारा नामांकित शिक्षक झाला. शिकवणीच्या कमाईतून १९६० साली त्याने हॅनवेल येथे अक्सब्रिज रोडवर ड्रमचे दुकान उघडले. ड्रम शिकणाऱ्या मुलांबरोबर त्यांचे गिटार वाजविणारे दोस्तही तेथे येऊ लागले. इतर दुकानांत या पोरांना कोणी दारात उभे करीत नसे. मार्शल मात्र त्यांचे ऐकून घेई. अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर ब्रिटनमध्ये १९५९ पर्यंत निर्बंध होते, आणि ते उठल्यावरही फेंडरच्या यंत्रांची किंमत सामान्य मुलाच्या आवाक्याबाहेरच राहिली. पीट टाउन्शेंड, रिची ब्लॅकमोर यांसारखी मुले मार्शलपाशी एकच धोशा लावीत : आम्हांला हवा तो आवाज देणारे यंत्र आमच्या देशात का होऊ नये?

मार्शलपाशी उत्तर होते, पण विद्या नव्हती. दुकानातील दुरुस्तीचे काम पाहणारा केन ब्रान आणि एका मोठ्या विद्युत्-कारखान्यात उमेदवारी करणारा अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांना त्याने हाताशी धरले. त्यांनी फेंडरचा 'बेसमन' पुढ्यात ठेवला व त्याची जोडणी जवळजवळ जशीच्या तशी उतरून घेतली. पहिला नमुना झाला. मार्शलने तो ऐकून नाकारला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा असे सर्व नाकारले. सहावा ऐकल्यावर 'हाच तो' असे त्याने ठरविले, आणि त्याच सहाव्या नमुन्याला पहिला क्रमांक देण्यात आला. पहिल्याच दिवशी २३ मागण्या नोंदल्या गेल्या, असे मार्शल सांगत असे. यंत्राला नाव मिळाले 'जेटीएम ४५'. जिम व त्याचा मुलगा टेरी यांची आद्याक्षरे त्यात आहेत.

येथे आक्षेपक म्हणेल की, ही उघड नक्कल झाली. हा आक्षेप अंशतः खरा आहे, परंतु नक्कल व निर्मिती यांच्यामधील सीमा कोठे असते हे पाहण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही. जोडणीचा नकाशा अमेरिकन; पण सामान ब्रिटिश बाजारातून मिळेल ते. फेंडरच्या यंत्रात पहिल्या पायरीवर बसविलेल्या व्हॉल्व्हचा वर्धनांक सुमारे ४४ होता. मार्शलच्या यंत्रात तेथे ईसीसी ८३ जातीचा व्हॉल्व्ह बसला, त्याचा वर्धनांक सुमारे १००. त्यामुळे आवाज फाटण्याची घटका आधीच येऊ लागली. शेवटच्या पायरीवरील अमेरिकन वळणाचे व्हॉल्व्ह जाऊन तेथे प्रथम केटी ६६ व काही वर्षांनी ईएल ३४ आले. स्पीकरही दहा इंची राहिले नाहीत. सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची स्पीकर आले, आणि त्या काळचे एकदोन स्पीकर एवढा भार सोशीनात म्हणून चार आले. फेंडरची पेटी पाठीमागून उघडी होती, मार्शलची चारी बाजूंनी बंद. यामुळे खालचे स्वर छातीवर धक्का दिल्यासारखे समोर येऊ लागले.

केशवसुतांनी सुनीत इंग्रजीवरून घेतले. परंतु ते शार्दूलविक्रीडितात बसविताच त्याची चाल निराळी झाली, कारण मराठी वृत्ताला स्वतःचे वजन आहे. मार्शलच्या हातून असेच घडले. उसन्या आकृतीत घरचे द्रव्य ओतले, आणि त्या द्रव्याने आकृतीला न जुमानता स्वतःचे म्हणणे पुढे केले. विशेष म्हणजे, ज्या नमुन्याची त्याने नक्कल केली तो खुद्द फेंडरने १९६० च्या सुमारास मागे टाकला होता, आणि तो अधिक स्वच्छ आवाजाकडे निघाला होता. एकाच फाट्यावरून दोघे दोन दिशांना गेले. दोघांचाही मार्ग वादकांच्या अपेक्षांनी ठरविला. फरक इतकाच की फेंडरच्या वादकांना शृंगार हवा होता आणि मार्शलच्या पोरांना रौद्र.

मार्शलची प्रतिभा कोणती, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर आहे : नकार देण्याची. त्याने जोडणी शोधली नाही, व्हॉल्व्ह शोधला नाही, स्पीकर शोधला नाही. पाच नमुने बाजूस सारून सहाव्यापाशी तो थांबला, हे त्याचे कर्तृत्व. ज्या क्षणी चांगला अभियंता 'आवाज फाटतो आहे, दुरुस्त करा' असे म्हणाला असता, त्या क्षणी हा ड्रमशिक्षक हात आवरता झाला. टीकाकाराचे कामही याहून निराळे नाही. टीकाकार स्वतः काव्य करीत नाही म्हणून त्यास वंध्य ठरविणाऱ्यांनी हॅनवेलच्या या दुकानाकडे अवश्य पाहावे.

यंत्र झाले, पण यंत्र म्हणजे संगीत नव्हे. त्याचे संगीत केले ते तिघांनी. त्यांतील पहिला पीट टाउन्शेंड. त्याच्या 'द हू' या ताफ्याला सभागृहातील कलकलाटाच्या वर आवाज चढवावयाचा होता. १९६५ च्या ऑगस्टात न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५ हजार श्रोत्यांच्या किंकाळ्यांपुढे बीटल्सचे दुसऱ्या कंपनीचे शंभर वॉटचे ध्वनिवर्धकही मुके ठरले होते. यावरून त्या काळची अडचण ध्यानात येईल. टाउन्शेंडच्या मागणीवरून मार्शलने शंभर वॉटचे यंत्र केले. आठ स्पीकरांची एक प्रचंड पेटी केली. ती उचलणाऱ्यांनी हात टेकले, तेव्हा तिचे दोन भाग करून एकावर एक रचले. रंगमंचावर माणसापेक्षा उंच उभी राहणारी ती काळी भिंत अशी हमालांच्या तक्रारीतून जन्मली.

दुसरा एरिक क्लॅप्टन. जॉन मेयॉलच्या 'ब्लूज ब्रेकर्स' ताफ्याबरोबर त्याने वाजविलेली तबकडी जुलै १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. ध्वनिमुद्रणगृहात गिटार हलक्या आवाजात वाजवावी, हा तोपर्यंतचा शिष्टाचार. क्लॅप्टनने मार्शलचा आवाज रंगमंचावर असतो तेवढाच चढवून ठेवण्याचा हट्ट धरला, आणि मुद्रकांना आपला मायक्रोफोन दूर न्यावा लागला. ही तबकडी आजही लक्षपूर्वक ऐकावी. तिच्यातील गिटारीचा स्वर छेडल्यासारखा वाटत नाही, गळ्यातून निघाल्यासारखा वाटतो. तो लांबतो, लांबताना जाड होतो, आणि मरतेवेळी किंचित घोगरा होतो. मिसिसिपीच्या शेतांतून शिकागोच्या गुत्त्यांत आलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्या कंठात जे आर्त घोगरेपण होते, ते वाद्यातून बोलविण्याची ही धडपड आहे. त्या गायकांचे व फ्रेडी किंगसारख्या वादकांचे ऋण या तबकडीवर आहे, आणि ते विसरून तिची स्तुती करणे अन्यायाचे होईल. परंतु घेतलेल्या ऋणाचे व्याज तिने नव्या स्वरगुणाने फेडले, हेही म्हटले पाहिजे.

तिसरा, आणि आमच्या मते सर्वश्रेष्ठ, जिमी हेंड्रिक्स. हा अमेरिकन तरुण १९६६ च्या सप्टेंबरात लंडनला आला. त्याच्या ताफ्यातील ड्रमवादक मिच मिचेल हा मार्शलचा जुना विद्यार्थी. त्याने दोघांची गाठ घालून दिली. हेंड्रिक्सचे पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स असावे, हा योगायोग मार्शलला मोठा मौजेचा वाटे. हेंड्रिक्सच्या हाती हे यंत्र केवळ आवाज मोठा करणारे राहिले नाही. स्पीकरमधून निघालेला प्रचंड नाद गिटारीच्या तारेला पुन्हा कंपित करी, ते कंपन पुन्हा स्पीकरकडे जाई, आणि असे चक्र सुरू झाले की स्वर मावळण्याचे नावच घेत नसे. वादकाने एक पाऊल इकडे सरकावे, वाद्य थोडे वळवावे, की स्वर दुसऱ्या सप्तकात उडी घेई. हे भूत पाळावयाचे म्हणजे विलक्षण कान व विलक्षण हात हवेत. हेंड्रिक्सपाशी दोन्ही होते.

१८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकच्या महोत्सवात त्याने मार्शलच्या यंत्रांवर अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजविले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. गीताच्या ओळखीच्या सुरावटीने आरंभ होतो. आणि मूळ गीतात जेथे अग्निबाणांचे व स्फोटांचे वर्णन आहे तेथे सुरावट फाटते. खाली झेपावणारे विमान, फुटणारा बाँब, धावणारा भोंगा यांचे आभास तारेतून उठतात, आणि त्या धुरळ्यातून गीत पुन्हा उभे राहते. काहींना हा राष्ट्राचा अपमान वाटला, काहींना निषेध; हेंड्रिक्सला पुढे विचारले तेव्हा आपल्याला ते सुंदर वाटले, इतकेच तो म्हणाला. आम्ही या वादनाकडे आनंदवर्धनाच्या दृष्टीने पाहतो. शुद्ध, गोड, घंटेसारख्या आवाजात हे गीत वाजले असते तर ते एक शोभेचे वादन झाले असते. रौद्र व करुण यांचा जो संगम येथे झाला आहे, त्याला फाटकाच स्वर हवा होता. येथे कर्कशता काढून टाकली तर रसच नाहीसा होतो. मग तिला दोष कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमच्यासारख्या, तंबोऱ्याच्या सुरावर कान तयार झालेल्या वाचकांना तरीही शंका राहील की, संगीतात शुद्धता हेच अंतिम मूल्य नव्हे काय? त्यांनी मिरजेच्या तंतुवाद्यकारागिराजवळ घटकाभर बसावे. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित उतरती असते. तार तिला हलकेच घासत राहते, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली की स्वर भरून येतो, त्यातून उपस्वर झगमगू लागतात. निव्वळ यंत्रशास्त्राच्या भाषेत ही तारेच्या मुक्त कंपनाला आणलेली आडकाठीच आहे. पण जवारी नसलेला तंबोरा कोणा गवयाला चालेल? तेव्हा स्वरात मुद्दाम मिसळलेली अशुद्धता आपल्याला अपरिचित नाही. ती आपल्याकडे शांतीच्या सेवेला लागली, तिकडे क्षोभाच्या. आणखी एक साम्य सांगण्यासारखे आहे. फाटक्या आवाजात दोन स्वर एकदम वाजले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर उत्पन्न होतात. गांधारासह पूर्ण स्वरमेळ वाजविला तर त्यांचा चिखल होतो. षड्ज व पंचम एवढेच वाजविले तर मात्र वजाबाकीचा स्वर बरोबर खालच्या सप्तकातील षड्ज येतो, आणि सर्व नाद एकवटतो. म्हणून या वादकांनी गांधार गाळला व षड्ज-पंचमांची जोडी हाच आपला पाया केला. यंत्राने रचनेला कसे वळण लावले याचा याहून स्पष्ट पुरावा नको. कानांच्या आरोग्याचा प्रश्न मात्र निराळा. आपली श्रवणशक्ती क्षीण झाल्याचे टाउन्शेंडनेच जाहीरपणे सांगितले आहे. रसाच्या नावाखाली हा तोटा झाकणे योग्य नव्हे.

आता उत्तरार्ध. कारखाना १९६४ मध्ये हेज येथे व थोड्याच काळात ब्लेचली येथे गेला. १९६५ पासून पंधरा वर्षे विक्रीचा करार दुसऱ्या व्यापारी पेढीशी होता. व्यापार वाढला, आणि त्याबरोबर एक सूक्ष्म पालट झाला. पूर्वी आवाज फाडावयाचा तर यंत्र पूर्ण जोराने चालवावे लागे. हळुवार स्पर्श केला तर स्वर स्वच्छ, आघात केला तर फाटका. म्हणजे गुण-दोषांची सीमा वादकाच्या बोटांत होती. १९७५ मध्ये कंपनीने अशी रचना आणली की, पहिल्या पायरीवर आवाज हवा तेवढा फाडावा आणि शेवटी निराळ्या बटणाने तो हळू करावा. १९८१ च्या 'जेसीएम ८००' मालिकेने ही सोय सर्वत्र पोचविली. सोय मोठी, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. लहानशा खोलीत सराव करणाऱ्याने तिला दुवाच दिला असेल. परंतु तिच्यामुळे क्षोभ बटणावर मिळू लागला. ज्या गीतात रागावण्यासारखे काहीही नाही तेथेही फाटका आवाज वाजू लागला. रंगमंचावर काळ्या पेट्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि त्यांतील कित्येक पेट्या आतून रिकाम्या असत. १९८४ च्या 'धिस इज स्पायनल टॅप' या विनोदी चित्रपटातील वादक आपल्या यंत्राचे बटण दहाऐवजी अकरापर्यंत जाते म्हणून फुशारकी मारतो, तेव्हा प्रेक्षक हसतात. ते हसू त्या रिकाम्या पेट्यांना होते. कंपनीनेही पुढे विसापर्यंत आकडे असलेले यंत्र काढून त्या थट्टेत भाग घेतला, ही तिची खिलाडू वृत्ती म्हणावी की चूक, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आनंदवर्धनाने दोष अनित्य म्हटला, त्यात एक सावधगिरीची सूचनाही दडलेली आहे. जो दोष प्रसंगविशेषी गुण होतो, तो प्रसंग सरल्यावर पुन्हा दोषच असतो. त्याला नित्य गुणाचे आसन दिले की अलंकाराचा साचा होतो. पहिल्या वीर कवीचा कठोर वर्ण आणि त्याच्या शंभराव्या अनुकरणकाराचा कठोर वर्ण हे कानाला सारखेच लागतात, पण रसिकाला नाही. मार्शलच्या आवाजाचे नेमके हेच झाले. आज जुन्या यंत्रांना मोठ्या किमती येतात, कंपनी स्वतःच्याच जुन्या नमुन्यांच्या प्रती काढते, आणि संगणकाच्या साहाय्याने तो फाटका आवाज हुबेहूब वठविता येतो. मूळ यंत्र नकलेतून निघून स्वतंत्र झाले. ही नवी यंत्रे मात्र इतकी अचूक नक्कल करतात की, चुकून नवे काही निघण्यास फारच थोडी जागा उरते.

जिम मार्शल ५ एप्रिल २०१२ रोजी, ८८ व्या वर्षी वारला. २०१० पासून त्याच्या नावाचे हेडफोन स्वीडनच्या एका कंपनीने परवान्याने विकावयास घेतले होते. त्याच कंपनीने २०२३ मध्ये मूळ ध्वनिवर्धकाचा कारखानाही विकत घेतला, आणि २०२५ च्या जानेवारीत या एकत्रित संस्थेचा मोठा हिस्सा एका चिनी गुंतवणूक संस्थेने घेतल्याचे जाहीर झाले. ज्या नावाने शुद्ध आवाज फाडला, त्या नावाची साधने आता दुसऱ्यांचे संगीत विश्वासूपणे ऐकण्यासाठी खपतात. यात आम्हांस विनोदापेक्षा एक संगती अधिक दिसते. मार्शल अखेर ऐकणारा माणूस होता. पोरांचे ऐकले, सहा नमुने ऐकले, आणि कोठे थांबावे हे ऐकूनच ठरविले.

या इतिहासाचे तात्पर्य काव्याच्या वाचकालाही लागू आहे. नवे लेखन हाती येते, त्यातील भाषा कानाला खुपते, आणि आपण चटकन दोषांच्या यादीवर बोट ठेवतो. त्या वेळी एकच विचारणा करावी : हे खुपणे काढून टाकले तर उरलेल्या लेखनाला काही सांगता येईल काय? येत असेल, तर तो दोषच; निर्भयपणे तसे म्हणावे. येत नसेल, तर हात आवरून पुन्हा एकदा ऐकावे. आणि तेच खुपणे दहाव्या लेखकाच्या दहाव्या पुस्तकात, कसलाही क्षोभ नसता, केवळ रूढी म्हणून भेटले, तर पूर्वी दिलेला निवाडा निमूटपणे परत घ्यावा.